रोलर कॅम बसवताय? आधी कॅमचा एंड प्ले बघा

जुन्या शेवरोलेट 350 स्मॉल ब्लॉक V8 इंजिनात रोलर कॅम (ज्याच्या टॅपेटला खाली चाक असतं) टाकायचा ठरला की टॅपेट, पुशरॉड, स्प्रिंग सगळ्यांच्या लक्षात असतात. टायमिंग कव्हरमागचं बटण, म्हणजे कॅमच्या पुढच्या टोकाला बसून त्याला पुढे सरकण्यापासून रोखणारा छोटा तुकडा, मात्र बहुतेक वेळा राहून जातं. कॅम पुढे-मागे जितका सरकू शकतो तो एंड प्ले.

फ्लॅट टॅपेट कॅमला हे बटण लागत नाही. त्याच्या लोबला (टॅपेट उचलणारा उंचवटा) एक-दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) टेपर, म्हणजे उतार, असतो, टॅपेटचं तोंड किंचित फुगीर असतं. त्यामुळे टॅपेट फिरत राहतो आणि कॅम मागे दाबला जाऊन त्याच्या टायमिंग गिअरची पाठ ब्लॉकला टेकते. रोलर कॅमच्या लोबला टेपर नसतो. मागे दाबणारं कोणी नाही म्हटल्यावर कॅम पुढे-मागे सरकतो. डिस्ट्रिब्युटर गिअरचे दाते तिरके असल्याने इग्निशन टायमिंगही हलतं, टायमिंग लाइटखाली खूण जागेवर थांबत नाही. मग दोष नसलेला डिस्ट्रिब्युटर बदलला जातो! कॅम फारच सरकला तर रोलर लोबच्या कडेवर चढतो.

1987 पासूनच्या, कंपनीतूनच रोलर कॅमसह आलेल्या ब्लॉकला पुढे दोन बोल्टची थ्रस्ट प्लेट असते. तिथे प्लेटसाठीच बनवलेला कॅम घातला तर बटण नको. खालचं सगळं जुन्या ब्लॉकसाठी आहे.

एंड प्ले 5 ते 10 थाऊ (0.13 ते 0.25 मिमी) ठेवा. मोजताना शेवटी बसवायचं तेच गॅस्केट घालून कव्हरचे सगळे बोल्ट आवळलेले हवेत; गॅस्केटविना घेतलेलं माप कामाचं नाही. मागचा कॅम प्लग ठोकण्याआधी डायल गेजचं टोक कॅमच्या मागच्या तोंडावर टेकवा. टॅपेट काढलेले असताना वरून, व्हॅलीतून (सिलिंडरच्या दोन ओळींमधल्या खोलगट भागातून), कॅमच्या ओबडधोबड भागावर स्क्रू ड्रायव्हर लावून तो पुढे-मागे हलवा. लोब आणि बेअरिंगच्या जागांना ओरखडा जाता कामा नये. बटणावर मॉडेलिंगची मऊ माती लावून कव्हर दाबायची पद्धत अंदाजापुरती ठीक, शेवटचं माप डायलवरच घ्या.

प्ले कमी असेल तर नायलॉनचं बटण काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासा, दोन-दोन थाऊ काढत पुन्हा मोजा. ॲल्युमिनियमचं असेल तर लेथवर फेस मारा. प्ले जास्त निघाला तर बटणामागे शिम (पातळ चकती) घाला. रोज चालणाऱ्या गाडीला आम्ही नीडल बेअरिंगचंच बटण सुचवतो, कारण नायलॉन झिजतं आणि प्ले वाढत जातो.

खरी गोची कव्हरची. मूळचं पत्र्याचं कव्हर लवचिक असतं. डायल बाहेरून कव्हरच्या मध्याजवळ लावून अंगठ्याने दाबा. काटा तीन-चार थाऊ हलला तर आत मोजलेल्या पाच थाऊंना अर्थ नाही. चालू इंजिनात बटण कव्हरला पुढे ढकलणार. ओतीव ॲल्युमिनियमचं कव्हर घ्या किंवा आतून जाड पट्टी वेल्ड करून घ्या. त्यानंतर वॉटर पंप घासत नाही ना ते बघा आणि एंड प्ले नव्याने मोजा.

गिअर आणि ब्लॉकच्या मध्ये थ्रस्ट बेअरिंग घालायचं असेल तर त्यासाठी बनवलेला टायमिंग सेट घ्या. साध्या गिअरमागे बेअरिंग सरकवलं की गिअर पुढे येतो, चेन तिरकी चालते.

कॅम स्टील बिलेटचा असेल तर डिस्ट्रिब्युटरचा साधा बिडाचा गिअर ठेवू नका, कॅमच्या कंपनीने सांगितलेल्या धातूचाच घ्या.

आमच्याकडे ब्लॉक पाठवताना कव्हर, गॅस्केट, टायमिंग सेट आणि वॉटर पंपही पाठवा. यातलं काहीही नंतर बदललं तर माप पुन्हा घ्यावं लागतं.