रोग-प्रतिकारक टोमॅटो रोप: आत नेमकं काय चालतं

रोपं बुक करताना बहुतेक शेतकरी आधी विचारतात, ‘व्हायरसला टिकेल का?’ याचं उत्तर नुसत्या हो-नाहीत देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक. झाड आतून कसं लढतं हे कळलं, की वाण कुठलं घ्यावं, लागवड कधी करावी आणि कुठल्या फवारणीवर पैसे घालू नयेत, हे ठरवणं सोपं जातं.

झाडात रोगाच्या मागे धावणाऱ्या पेशी नसतात. प्रत्येक पेशीला आपापली लढाई लढावी लागते. पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही प्रथिनं, म्हणजे जंतूंच्या खुणा ओळखणारी प्रथिनं असतात. बुरशीच्या भिंतीतलं कायटिन किंवा जिवाणूच्या शेपटीतल्या प्रथिनाचा तुकडा त्यांना लागला, की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, पर्णरंध्रं मिटू लागतात. पानावर येणारे बहुतेक जंतू इथेच अडतात, आपल्याला कळतही नाही.

काही रोगकारक मात्र पेशीत स्वतःची प्रथिनं सोडून ही पहिली फळी मोडतात. दुसरी फळी पेशीच्या आत असते, आणि वाणातली प्रतिकारक जनुकं बहुधा तिथेच काम करतात. घुसलेलं प्रथिन ओळखलं, की ती पेशी स्वतःच मरते आणि रोगकारकाचं अन्न तुटतं. पण एका जनुकाची ओळख ठरावीक रोगकारकांशीच असते. मर रोगाला टिकणारं वाण करप्यालाही टिकेल, असं धरून चालू नका.

सूत्रकृमी आणि मातीची उष्णता

‘एमआय’ हे जनुक १९४० च्या दशकात सोलॅनम पेरुव्हियानम या जंगली टोमॅटोपासून मिळालं. सूत्रकृमी म्हणजे मुळांवर गाठी करणारे मातीतले सूक्ष्म कृमी; त्यांची अळी मुळाच्या टोकाजवळून आत शिरते आणि एका जागी तोंड लावते. ‘एमआय’ असलेल्या मुळात नेमक्या तिथल्याच पेशी मरतात. गाठ धरत नाही, अळी उपाशी राहते. मात्र मातीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं, की हा प्रतिकार ढासळतो. म्हणून उन्हाळी लागवडीत मल्चिंगची सिल्व्हर बाजू वर ठेवा. काळ्या बाजूखाली माती जास्त तापते. गाठींचा इतिहास असलेल्या रानात तर उन्हाळ्यात केवळ वाणाच्या भरवशावर राहू नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

लीफ कर्ल

लीफ कर्ल म्हणजे पांढऱ्या माशीने पसरणारा, पानं वळवणारा विषाणूजन्य रोग. त्याला रोखणाऱ्या ‘टीवाय-१’ची रीत वेगळी. सोलॅनम चिलेन्समधून आलेलं हे जनुक पेशी मारत नाही. त्याच्यापासून बनणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने विषाणूविरुद्ध आरएनएचे बारीक तुकडे वाढतात, आणि त्या तुकड्यांमुळे विषाणूच्या डीएनएवर रासायनिक खुणा बसून त्याचं काम मंदावतं. विषाणू संपत नाही, दबून राहतो. झाड हिरवंगार दिसलं तरी पांढरी माशी तिथून विषाणू उचलून शेजारच्या साध्या वाणात नेऊ शकते. शिवाय मावा पसरवतो तो काकडी मोझॅक विषाणू त्याच झाडात शिरला, तर ‘टीवाय-१’चा जोर कमी होतो. तेव्हा चिकट सापळे आणि रोपअवस्थेतलं क्रॉप कव्हर टाळू नका.

ताकद वाढवणाऱ्या फवारण्या

संरक्षण चालू ठेवायला झाडाला खर्च येतो. म्हणूनच ते यंत्रणा दाबून ठेवतं आणि गरज पडली की सॅलिसिलिक आम्लाच्या संकेताने उघडतं. प्रयोगशाळेत ज्या झाडांची यंत्रणा कायम चालू राहील असे बदल केले गेले, ती बरेचदा खुजी राहिली. दर आठवड्याला सॅलिसिलिक आम्ल किंवा कायटोसान (कायटिनपासून बनवलेला पदार्थ) मारायला आम्ही सांगत नाही, ते यासाठीच. दुसरं कारणही आहे: सॅलिसिलिक संकेत वाढला की जास्मोनिक आम्लाचा संकेत बऱ्याचदा दबतो, आणि पानं-फळं खाणाऱ्या अळ्यांशी झाड त्याच्याच जोरावर लढतं. अशी फवारणी करायचीच असेल तर रोग दिसण्याआधी, लेबलवरच्या मात्रेतच करा. रोगाने भरलेल्या प्लॉटवर ती मारून पैसे घालवू नका.

बुकिंगला याल तेव्हा तीन गोष्टी सांगा: मागच्या हंगामात कुठला रोग आला, उपटलेल्या झाडांच्या मुळांवर गाठी होत्या का, आणि लागवडीचा महिना कोणता. वाण त्यावरूनच सुचवता येतं. मुळांचा फोटो असेल तर उत्तमच.