मानववंशशास्त्रात एम.ए. करायचंय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी अर्जाची माहिती

पदवी कोणत्याही शाखेची असली तरी मानववंशशास्त्राकडे वळता येतं. 'इग्नू' या मुक्त विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या एम.ए.ला तशी मुभा आहे आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना तो मार्ग सोयीचा आहे. वर्गात बसून शिकायचं तर पुणे विद्यापीठाचा विभाग आपल्याला जवळ. केंद्रीय विद्यापीठांसाठी बहुतेक ठिकाणी एनटीए या राष्ट्रीय परीक्षा संस्थेची सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. किमान गुणांची अट जागोजागी बदलते, म्हणून फी भरण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा.

दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सत्रांचे निकाल, आधार, फोटो आणि सही स्कॅन करून ठेवा. मुंबई विद्यापीठातून दुसरीकडे जाणाऱ्यांना मायग्रेशन सर्टिफिकेटही लागतं.

खरी धावपळ होते ती दाखल्यांसाठी. नवी मुंबई एकच शहर वाटते, पण ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे तालुक्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. 'आपले सरकार' या राज्याच्या संकेतस्थळावर दाखल्याचा अर्ज भरताना जिल्हा आणि तालुका नीट निवडा. ओबीसी उमेदवारांना केंद्रीय विद्यापीठासाठी नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. हे काम निकालाची वाट न बघता सुरू करा.

काही ठिकाणी अर्जात किंवा मुलाखतीत शिकण्याची उद्दिष्टं विचारतात. तिथे 'मला माणसांत रस आहे' एवढ्यावर भागत नाही. या विषयात समाज-संस्कृती, मानवी शरीर आणि उत्क्रांती, प्रागितिहास, भाषा हे सगळं येतं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी शरीराची मोजमापंही घेतली आणि नातेव्यवस्थाही अभ्यासली. त्यामुळे यातलं काय शिकायचंय आणि दोन वर्षांनी काय करता यायला हवं, तेच लिहा.

उदाहरण आपल्या दारातच आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि आगरी-कोळी गावांच्या जमिनी गेल्या. पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा विकसित भूखंड मिळाला, तेव्हा घरातल्या बहिणींच्या वाट्याला काय आलं? 'तीन पिढ्यांच्या वंशावळी मांडून, संमती घेऊन मुलाखती करून हे शोधायला मला शिकायचं आहे' असं लिहिलं की उद्दिष्टही कळतं, पद्धतही. शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांवर काम करायचं असेल, तर वीटभट्टीच्या हंगामात कुटुंबं गावात नसतात हे धरून वेळापत्रक मांडा. आगरी किंवा कातकरी बोली येत असेल, तर तेही अर्जात आवर्जून नोंदवा.