मराठी सेव्ह होतं, मग इमोजीवरच एरर का? १३६६ ची पार्श्वभूमी

मायएसक्यूएल या डेटाबेसवरची एखादी जुनी साइट नवीन सर्व्हरवर नेली की एकदोन दिवसात लॉगमध्ये एरर १३६६ दिसायला लागतो, 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू', आणि पुढे एफ-झीरो नाइन-एफ असलं काहीतरी अगम्य. टेबल बघावं तर यूटीएफ-८ (जगभरातल्या लिप्या बाइटांमध्ये साठवायची पद्धत), फॉर्म यूटीएफ-८, मराठी नावं-पत्ते सगळं नीट सेव्ह होतंय, फक्त कोणी हात जोडलेला इमोजी टाकला की संपलं. कोडला कोणी हात लावलेला नाही, मग काल चालत होतं ते आज का नाही? तर कालही चालत नव्हतंच, फक्त डेटाबेस तोंड उघडत नव्हता.

यूटीएफ-८ केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या प्रोग्रामरांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये बसून कागदावर मांडलं. १९९८ च्या आरएफसीत (इंटरनेटची मानकं सांगणारा दस्तऐवज) एका कॅरॅक्टरला सहा बाइटपर्यंत जागा होती, २००३ च्या आरएफसीने ती चारवर आणली. मधल्या मधे २००२ मध्ये मायएसक्यूएलवाल्यांनी ४.१ या आवृत्तीच्या कोडमध्ये ती तीनवर आणून ठेवली होती, आणि नाव मात्र यूटीएफ-८ च ठेवलं. तेव्हा हिशोबही बरा दिसत असणार, कारण फिक्स्ड लांबीच्या कॉलममध्ये दर कॅरॅक्टरमागे जास्तीत जास्त बाइट राखून ठेवावे लागायचे. आणि तीन बाइटात युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या कॅरॅक्टरांना नंबर देणाऱ्या यादीची, पहिली ६५,५३६ ठिकाणं बसतात, म्हणजे रोजच्या वापरातल्या बहुतेक लिप्या आल्या.

त्यात आपली देवनागरी पण आली, म्हणून तर मराठी साइटवाल्यांना वर्षानुवर्षं पत्ताच लागला नाही. देवनागरीचं प्रत्येक कॅरॅक्टर बरोब्बर तीन बाइटांचं. 'ज्ञानेश्वर' वाचताना आपल्याला चार अक्षरं दिसतात, पण डेटाबेसला हलंत आणि मात्रा धरून दहा कॅरॅक्टर दिसतात आणि जागा लागते ३० बाइट. (नावाच्या कॉलमला २० ची मर्यादा घालणाऱ्यांनी हे एकदा मोजून बघाच.)

मग २०१० मध्ये युनिकोड ६.० मध्ये इमोजी आले, २०११ मध्ये आयफोनच्या कीबोर्डवर सगळ्यांना मिळाले, आणि हे बहुतेक सगळे चार बाइटवाले. मायएसक्यूएलने २०१० मध्येच ५.५.३ मध्ये खरं यूटीएफ-८ आणलं पण वेगळ्या नावाने, शेपटीला 'एमबी४' लावून. जुनं नाव जुन्या तीन बाइटवाल्याकडेच राहिलं, त्यामुळे नवीन प्रोजेक्ट करणारा माणूस साधं नाव निवडून परत त्याच खड्ड्यात.

आता गप्प बसण्याचा भाग. स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुकीचा डेटा आला की एरर देऊन तो नाकारणं, ५.० पासून होता, पण सर्व्हरमध्ये मुळातच चालू झाला तो २०१५ च्या ५.७ मध्ये. त्याआधी न मावणारं काही आलं की डेटाबेस ते कापून ठेवायचा, चुकीच्या तारखेचं ०००० करून टाकायचा आणि एक वॉर्निंग द्यायचा. चेक कन्स्ट्रेंट (कॉलमवर घातलेली अट) तर २०१९ च्या ८.०.१६ पर्यंत लिहून घ्यायचा आणि सरळ सोडून द्यायचा! लोक बिचारे 'वय शून्यापेक्षा जास्त' लिहून निर्धास्त.

एका क्लायंटच्या तक्रारींच्या टेबलमध्ये मी हे स्वतः पाहिलंय, रोच्या रो अशा की मजकुरात नुसतं 'नमस्कार' आणि पुढे काहीच नाही. आम्हाला वाटायचं लोक अर्धवट लिहून सबमिट दाबतात. प्रत्यक्षात लोकांनी सविस्तर लिहिलेलं होतं, फक्त नमस्कारानंतर हात जोडले होते आणि डेटाबेसने तिथून पुढचं सगळं उडवलं होतं, आणि ती वॉर्निंग वाचणारा कोडमध्ये कोणीच नव्हता. ५.७ वर गेल्यावर तोच फॉर्म एरर द्यायला लागला तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

दुरुस्ती म्हणजे टेबल एमबी४ वर कन्व्हर्ट करायचं आणि कनेक्शनचं कॅरॅक्टर सेट पण बदलायचं, हे दुसरं लोक विसरतात आणि मग एरर तसाच. वर इंडेक्सचं, म्हणजे शोध झटपट व्हावा म्हणून ठेवलेल्या सूचीचं, लफडं वेगळंच. जुन्या इनोडीबीत (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट, नेहमीचा २५५ कॅरॅक्टरांचा कॉलम गुणिले तीन म्हणजे ७६५, बसायचं. गुणिले चार केलं की १०२०, बसत नाही. म्हणून १९१ हा विचित्र आकडा, १९१ चोक ७६४. वर्डप्रेसने २०१५ मध्ये ४.२ ला हे बदललं, लाराव्हेल या वेब फ्रेमवर्कच्या ५.४ मध्ये पण हाच १९१ लोकांनी कॉपी-पेस्ट केला. ५.७ पासून मर्यादा सहसा ३०७२ बाइट आहे, तरी कोडमध्ये १९१ अजून सापडतोच. २०१८ च्या ८.० मध्ये एमबी४ डीफॉल्ट झालं.

कापून गेलेला मजकूर मात्र कन्व्हर्ट करून परत येत नाही. त्या क्लायंटकडे प्रत्येक तक्रारीची ईमेल ऑफिसला जायची, ती डेटाबेसला न विचारता थेट फॉर्मवरून बनायची, त्या इनबॉक्समधून आम्ही चार दिवस बसून एकेक तक्रार परत भरली. तिथे जोडलेले हात सगळे शाबूत होते.