मक्याशेजारचा भुईमूग हिरवा का राहतो?

चुनखडीच्या जमिनीत नुसता भुईमूग पेरला, की पुष्कळदा त्याची कोवळी पानं पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. ही लोहाची कमतरता. खरं तर त्या मातीत लोह भरपूर असतं, पण सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) जास्त असल्याने ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडतं.

त्याच शेतात मका लावला, तर मक्याला लागून असलेल्या भुईमुगाच्या ओळी हिरव्यागार राहतात आणि लांबच्या पिवळ्या पडतात. उत्तर चीनमध्ये हे अभ्यासलं गेलं. दोन पिकांच्या मुळांमध्ये पक्का पडदा घातला, की भुईमूग पुन्हा पिवळा! म्हणजे जे काही घडतं ते मुळांपाशीच.

भुईमुगाची लोह मिळवण्याची रीत अशी: मुळाभोवती आम्लता वाढवायची, लोहाचं रूप बदलायचं आणि मग ते आत घ्यायचं. चुनखडी ही आम्लता लगेच मारून टाकते. मका, गहू, भात या गवताच्या कुळातल्या पिकांची रीत निराळी. त्यांची मुळं म्युजिनिक आम्लाच्या गटातली संयुगं मातीत सोडतात. ही संयुगं लोहाला चिमट्यात धरल्यासारखी धरतात आणि मूळ ती लोहासकट आत ओढतं. हे काम सामू जास्त असतानाही चालतं. मक्याने असं सोडवलेलं थोडं लोह भुईमूगही घेतो. असं बांधलेलं लोह जसंच्या तसं आत नेणारं प्रथिन भुईमुगाच्या मुळात असल्याचं 2013 मध्ये दाखवलं गेलं. मला या साऱ्या कथेतला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो: स्वतः ते संयुग न बनवणाऱ्या झाडाकडे ते घेण्याचं दार मात्र आहे.

स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) बाबतीत देणारं पीक बदलतं. बाकला या कडधान्याची मुळं आम्लं सोडून अडकलेला स्फुरद मोकळा करतात आणि शेजारच्या मक्यालाही तो मिळतो. स्फुरद कमी असलेल्या जमिनीतल्या चार वर्षांच्या प्रयोगात नुसत्या पिकाच्या तुलनेत एकत्र लावलेल्या मक्याचं उत्पादन सरासरी 43 टक्क्यांनी आणि बाकल्याचं 26 टक्क्यांनी वाढलं. हे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले.

नत्राचा (नायट्रोजनचा) व्यवहार मात्र सरळ ओढाताणीचा. नायट्रेट हे मातीतल्या नत्राचं रूप पाण्याबरोबर सहज सरकतं आणि तृणधान्याची दाट मुळं ते आधी उचलतात. मग कडधान्याला आपल्या मुळांवरच्या गाठींमधल्या, हवेतलं नत्र बांधणाऱ्या जिवाणूंवर जास्त भिस्त ठेवावी लागते, त्यामुळे हवेतल्या नत्राचा त्याच्या वाट्यातला हिस्सा वाढतो.

लोह आणि स्फुरदाची ही मदत मात्र फार जवळची. स्फुरद मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकतो, आणि मक्याने सोडलेली संयुगं मातीतले जिवाणू बघता बघता खाऊन टाकतात. मुळं एकमेकांत गुंतली तरच उपयोग. म्हणून आंतरपिकात दोन ओळींमधलं अंतर किती ठेवायचं हा प्रश्न उन्हा-सावलीपुरता राहत नाही.