बॉयलर उत्सर्जन-नोंदी व अहवाल (बेळगाव सीमाभाग)

कारखान्याच्या बॉयलरच्या चिमणीतून हवेत जाणारे धूलिकण व वायू ठरावीक पद्धतीने मोजणे, त्यांच्या नोंदी जपणे आणि त्या मुदतीत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवणे ही बॉयलर चालवणाऱ्यावरील कायदेशीर जबाबदारी आहे. बेळगाव जिल्ह्यात तिचा संबंध प्रामुख्याने साखर कारखान्यांशी येतो. कृष्णा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांच्या खोऱ्यांतला ऊस उगार खुर्द, संकेश्वर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या परिसरांत गाळला जातो, आणि बॉयलर अग्निप्रदीपन झाले की हंगाम आटोपेपर्यंत चिमण्या रात्रंदिवस पेटत्या राहतात.

दोन कायद्यांची येथे नेहमी गल्लत होते. १९२३ चा बॉयलर कायदा आणि त्याची जागा घेणारा २०२५ चा कायदा हे बॉयलरच्या सुरक्षिततेपुरते आहेत. बॉयलर निरीक्षकाचा दाखला धुराविषयी काहीच सांगत नाही. धुराचा हिशेब हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, १९८१ खाली होतो. त्याच्या कलम २१ नुसार कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी उभारणीसाठी आणि नंतर चालवण्यासाठी घ्यावी लागते. चिमणीची उंची, इंधन, उत्सर्जनाची मर्यादा आणि नमुने किती दिवसांनी घ्यायचे हे त्या संमतीपत्राच्या अटींतच लिहिलेले असते, म्हणून कोणत्याही कारखान्याच्या नोंदी तपासायच्या तर सुरुवात संमतीपत्रापासून करावी. पलीकडच्या कागल किंवा शिरोळ तालुक्यातील कारखान्याला हाच केंद्रीय कायदा लागू आहे, मात्र त्याचे अहवाल महाराष्ट्राच्या मंडळाकडे जातात.

साखर कारखान्यांच्या चिमणीतून निघणाऱ्या धूलिकणांसाठी जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने प्रति सामान्य घनमीटर (ठरावीक तापमान व दाबाला आणून मोजलेला घनमीटर) १५० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. हे मापन वाटते तेवढे सरळ नाही. चिमणीतला वायू ज्या वेगाने वर जातो त्याच वेगाने नमुना ओढावा लागतो. ओढ कमी पडली तर जाड कण प्रमाणाबाहेर जमा होऊन आकडा फुगतो, आणि ओढ जास्त झाली तर तो खोटा कमी येतो. नमुन्याचे छिद्रही वळणापासून किंवा जोडापासून पुरेसे दूर, साधारणपणे चिमणीच्या व्यासाच्या आठपट अंतर वर गेल्यावर, असावे लागते. म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालात वायूचा वेग, तापमान आणि नमुन्याचा कालावधी दिलेला नसेल, तर अहवालाच्या तळाशी दिलेल्या एका आकड्यावर विसंबता येत नाही.

त्या आकड्याला अर्थ येतो तो कारखान्याच्या स्वतःच्या लॉगबुकमुळे, आणि या विषयातला सर्वांत महत्त्वाचा कागद तोच आहे. गिरणीतून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे बॉयलरमध्ये जाळल्या जाणाऱ्या उसाच्या चोथ्यात, निम्म्याच्या आसपास पाणी असते. ओलावा वाढला की ज्वलन अपुरे राहते आणि अर्धवट जळालेले कण उडून आसपासच्या वस्तीत काजळी पडते. बगॅसमध्ये गंधक नगण्य असते, पण हंगामाबाहेर सहवीजनिर्मितीसाठी कोळसा जाळला तर सल्फर डायऑक्साइडचा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे प्रत्येक पाळीला कोणते इंधन किती जळाले, वाफ किती टन निघाली, स्क्रबरचे (पाण्याने धूर धुणाऱ्या यंत्राचे) पाणी किंवा ईएसपीचा (विजेच्या साह्याने धूलिकण पकडणाऱ्या यंत्राचा) विद्युतदाब किती होता, नळ्यांवरची काजळी किती वाजता झाडली आणि राख किती उचलली, हे त्याच वेळी लिहिलेले असायला हवे. नमुना घेतला त्या दिवशी बॉयलर निम्म्याच भाराने चालत होता हे एवढ्यावरूनच कळते. धुणे काळे झाल्याची तक्रार करणाऱ्या ग्रामस्थाने तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली, तर ती त्या पाळीच्या नोंदीशी ताडून पाहता येते.

साखर व मद्यार्क हे अतिप्रदूषक मानलेल्या १७ उद्योगप्रकारांत मोडतात. अशा उद्योगांनी चिमणीवर सतत मापन करणारी यंत्रणा बसवून तिची आकडेवारी ऑनलाइन मंडळाकडे पाठवावी, असे निर्देश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये दिले. शिवाय मार्चअखेर संपणाऱ्या वर्षाचे पर्यावरण विवरण नमुना ५ मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत द्यावे लागते, आणि पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पांना १ जून व १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल सादर करावा लागतो. दिवसाला ५,००० टन किंवा त्याहून अधिक गाळपाच्या कारखान्याला ही मंजुरी लागते.

अपघाताने किंवा अनपेक्षित बिघाडाने मर्यादेपेक्षा जास्त उत्सर्जन झाले, किंवा तसे होण्याची भीती असली, तर कलम २३ प्रमाणे मंडळाला तत्काळ कळवावे लागते. पुढच्या अहवालापर्यंत थांबता येत नाही. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्यातील बऱ्याच कारावासाच्या शिक्षांऐवजी १०,००० रुपयांपासून १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला.

संमती दिलेल्या कारखान्यांची नोंदवही मंडळाने ठेवायची असते आणि कलम ५१ नुसार ती हितसंबंधी व्यक्तीला पाहता येते. उरलेल्या कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. मात्र तो इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा, असे २००५ चा कायदा सांगतो. त्यामुळे सीमाभागातल्या मराठी अर्जदाराने तो कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत लिहावा, आणि त्यात कारखान्याचे नाव, हंगाम व हव्या असलेल्या नोंदींचा प्रकार स्पष्ट मांडावा.