स्वयंअध्ययन अहवाल, विद्यापीठीय

प्रत्यायनासाठी, म्हणजे बाहेरच्या संस्थेने तपासून द्यावयाच्या गुणवत्तेच्या मान्यतेसाठी, विद्यापीठाने आपल्या मागील पाच वर्षांच्या कामकाजाची ठरावीक निकषांनुसार, पुराव्यांसह स्वतः केलेली लेखी मांडणी. भारतात हा अहवाल नॅक या नावाने परिचित असलेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेकडे सादर होतो. प्रत्यायनाची मुदत सामान्यतः पाच वर्षांची असल्याने नूतनीकरणाच्या प्रत्येक आवर्तनात तो नव्याने सिद्ध करावा लागतो. प्रस्तुत नोंदीत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठासारख्या जुन्या, अध्यापनप्रधान विद्यापीठाच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा याबाबत मतभेद संभवतात. अमेरिकेतील न्यू इंग्लंड (१८८५) व नॉर्थ सेंट्रल (१८९५) या प्रादेशिक संघटनांपासून प्रत्यायनाचा इतिहास सांगण्याचा प्रघात आहे. परंतु सुरुवातीची तपासणी मुख्यतः ठरीव मोजमापांची होती. संस्थेने स्वतःविषयी काय म्हणावे याला तीत फारसे स्थान नव्हते. नॉर्थ सेंट्रल संघटनेने १९३४मध्ये संस्थेची पारख तिच्या स्वतःच्या उद्दिष्टांच्या संदर्भात करण्याचे तत्त्व स्वीकारले. स्वयंअध्ययनाची वैचारिक सुरुवात येथे धरणे अधिक सयुक्तिक दिसते. तज्ज्ञांच्या भेटीपूर्वी सविस्तर अहवाल लिहिण्याची रीत मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर, साधारणतः १९५०च्या दशकात रूढ झाली असावी. बडोदे संस्थानच्या वार्षिक प्रशासन अहवालांतही शिक्षणखात्याची आकडेवारी बारकाईने दिलेली आढळते. तथापि ते राज्यकारभाराचे वृत्तांत होते. आपल्या उणिवा आपणच नोंदवाव्यात ही स्वयंअध्ययनातील मूळ अपेक्षा त्यांत नाही. त्यामुळे त्यांना या पद्धतीचे पूर्वरूप मानणे कठीण आहे.

भारतात १९८६चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण व १९९२चा कृती कार्यक्रम यांच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४मध्ये बंगळुरू येथे नॅकची स्थापना केली. श्रेणीपद्धती अनेकदा बदलली. जुलै २०१७च्या सुधारित आराखड्याने सुमारे ७० टक्के भार संख्यात्मक मापकांवर, म्हणजे आकड्यांत मोजता येणाऱ्या बाबींवर टाकला व अहवालाचे स्वरूपच पालटले; पूर्वीच्या वर्णनपर प्रबंधाच्या जागी तक्ते, सूत्रे आणि जोडपत्रे आली. पुढील गुण, श्रेणी व कार्यपद्धती याच आराखड्यातील असून २०२४मध्ये त्यांत बदल जाहीर झाले (शेवटी पाहा). सात निकषांचे विद्यापीठांसाठीचे गुण असे : अभ्यासक्रम १५०, अध्यापन व मूल्यमापन २००, संशोधन व विस्तारकार्य (समाजासाठीचे उपक्रम) २५०, पायाभूत सुविधा, विद्यार्थी-साहाय्य, प्रशासन आणि संस्थात्मक मूल्ये प्रत्येकी १००, एकूण १,०००. भारित सरासरी ३·५१ ते ४ असल्यास अ++, ३·२६ ते ३·५० असल्यास अ+ आणि ३·०१ ते ३·२५ असल्यास अ श्रेणी मिळे.

स्थापनावर्षाचा प्रश्न. अहवालाच्या प्रारंभीच्या माहितीपत्रकातच बडोद्यात एक अडचण उभी राहते. बडोदा कॉलेज १८८१चे. त्याच्या घुमटाकार इमारतीचे वास्तुरचनाकार रॉबर्ट चिझम. कलाभवन १८९०चे असून ते पुढे तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाले. संगीत शाळेची सुरुवात गायक मौलाबक्ष यांच्या पुढाकाराने बहुधा १८८६मध्ये झाली, पण याहून आधीची वर्षेही सांगितली जातात. प्राच्यविद्यामंदिराला संस्थेचे रूप १९२७मध्ये आले, मात्र गायकवाड प्राच्य ग्रंथमाला त्यापूर्वीच सुरू झालेली होती. विद्यापीठ म्हणून वैधानिक अस्तित्व ३० एप्रिल १९४९पासूनचे. हंसा मेहता या पहिल्या कुलगुरू. ललित कला विद्याशाखा १९५०ची. विद्याशाखांनी आपापल्या माहितीपुस्तिकांत आपापली वर्षे छापलेली असतात आणि तीच अहवालात उतरली, तर एकाच संस्थेची चार-पाच स्थापनावर्षे दिसतात. माहितीपत्रकात कायद्याने विद्यापीठ झाल्याची तारीख द्यावी व १८८१चा उल्लेख इतिहासाच्या परिच्छेदात ठेवावा, हे योग्य होय. प्रशासनाच्या निकषातही अशीच दक्षता लागते. गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०२३ लागू झाल्यावर सिनेट व सिंडिकेट या जुन्या निर्णयकारी मंडळांची जागा व्यवस्थापन मंडळाने घेतली. पाच वर्षांच्या कालखंडात हा बदल येत असेल तर दोन्ही रचना, त्यांच्या बैठकांच्या इतिवृत्तांसह, स्वतंत्र दाखवाव्या लागतात. एकच तक्ता जोडल्यास आधीच्या वर्षांचे ठराव कोणत्या अधिकाराने झाले, असा प्रश्न निघतो.

तयारी. मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत विद्यापीठाने प्राथमिक माहितीचा अर्ज करावयाचा असतो. तो स्वीकारला गेल्यापासून ४५ दिवसांत अहवाल भरावा लागतो. हे ४५ दिवस लेखनासाठी नसून फक्त भरण्यासाठी आहेत असे समजूनच काम आखले पाहिजे. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष प्रत्येक निकषाला एक समन्वयक व प्रत्येक विद्याशाखेला एक संपर्क-शिक्षक नेमतो. दुसऱ्या आवर्तनापासून वार्षिक गुणवत्ता अहवाल भरलेले असणे बंधनकारक आहे. मात्र एकदा भरल्यावर ते वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही, आणि नव्या अहवालाचे आकडे त्यांच्याशी जुळत नाहीत.

सर्वांत आधी निश्चित करावयाचे ते छेद, म्हणजे सूत्रांत ज्यांनी भागावयाचे त्या संख्या. एकूण विद्यार्थी, पूर्णवेळ शिक्षक, मंजूर पदे आणि पगार वगळता झालेला खर्च या मूळ संख्या पुढे डझनावारी सूत्रांत पुन्हा पुन्हा येतात. त्यांतील एक बदलली की शिष्यवृत्ती, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण, दरडोई शोधनिबंध हे सगळे आकडे हलतात. विद्यार्थिसंख्या परीक्षा विभागाकडून एक, प्रवेश विभागाकडून दुसरी आणि वसतिगृहांकडून तिसरी येते. प्रवेश रद्द केलेले विद्यार्थी वजा करून एका ठरावीक दिनांकाची यादी गोठवणे हाच यावर उपाय आहे.

शिक्षकांची गणना याहून नाजूक. सर्वसाधारण कामाच्या तासांपैकी किमान ९० टक्के तास, संपूर्ण शैक्षणिक वर्षभर काम करणारा तो पूर्णवेळ शिक्षक, अशी नॅकची व्याख्या आहे. समजा मंजूर पदे १०० आहेत, ६० कायम शिक्षक आहेत आणि १५ जण अकरा महिन्यांच्या करारावर आहेत. हे १५ धरून भरलेल्या पदांचे प्रमाण ७५ टक्के लिहिले, तर पडताळणीत प्रत्येकाचा नेमणूक आदेश मागवला जातो आणि वर्ष पूर्ण भरत नसल्यास आकडा ६०वर येतो. उलट, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण चांगले दिसावे म्हणून तेच १५ त्या सूत्रात धरले आणि भरलेल्या पदांच्या प्रमाणात वगळले, तर विसंगती उघड होते. दोन विभागांत शिकवणारा शिक्षक दोन्ही याद्यांत येणे, हीही नेहमीची चूक. कालगणनेचाही घोळ होतो : प्रवेश व निकाल शैक्षणिक वर्षाचे, खर्च एप्रिल ते मार्चचा आणि शोधनिबंध इंग्रजी कॅलेंडर वर्षाचे. तक्त्याच्या शीर्षात वर्ष कोणते ते लिहिले नाही, तर जानेवारीत प्रसिद्ध झालेला निबंध दोनदा मोजला जातो. विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्याशाखांतील सहलेखकांचा एकच निबंध दोन्हीकडून येतो. डीओआय या निबंधाच्या कायम ओळखक्रमांकाने छाननी केली तरच तो सापडतो.

पुरावे व भाषा. एका विस्तार-उपक्रमाची फाइल म्हणजे परवानगीचे पत्र, निमंत्रण, सह्यांची हजेरी, स्थान व दिनांक उमटलेली छायाचित्रे आणि विभागप्रमुखाच्या सहीचे एक पानी वृत्त. छायाचित्रावरील तारीख हजेरीच्या तारखेशी न जुळणे हा सर्रास आढळणारा दोष आहे. कार्यक्रम पुढे ढकलला जातो, निमंत्रण मात्र जुनेच जोडले जाते. प्रादेशिक भाषेतील कागदासोबत इंग्रजी भाषांतर द्यावे लागते. बडोद्यात कार्यालयीन परिपत्रके गुजरातीत, मराठी विभागाच्या व्याख्यानांची निमंत्रणे मराठीत, अशी स्थिती असल्याने हे काम अंदाजापेक्षा मोठे ठरते. मराठी पुस्तक अथवा प्रकरणासाठी मुखपृष्ठ, आयएसबीएन असलेले पान व लेखकाच्या नावाखाली विद्यापीठाचा उल्लेख असलेले पान, अशी तिन्ही लागतात. स्थानिक प्रकाशकांच्या पुस्तकांत शेवटचा उल्लेख बहुधा नसतो आणि चांगला ग्रंथ गणनेतून गळतो. मराठी विभागांचे याने खरे नुकसान होते. प्रकाशकाला हस्तलिखित देतानाच तो उल्लेख आग्रहाने घालून घ्यावा.

सातव्या निकषात दोन उत्तम प्रथा आणि एक संस्थात्मक वेगळेपण लिहावयाचे असते. येथे वृक्षारोपणासारखे सर्वत्र आढळणारे उपक्रम लिहिण्याची सवय सोडली पाहिजे. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती (१९६०–७५) सिद्ध करणाऱ्या प्राच्यविद्यामंदिराच्या विद्यापीठाला हस्तलिखितांचे जतन आणि आजचा त्यांचा वापर हा विषय सहज उपलब्ध आहे. मात्र जुनी कीर्ती पुरत नाही. मागील पाच वर्षांत किती पोथ्यांचे अंकीकरण झाले, किती अभ्यासकांनी त्या पाहिल्या, याची नोंदवही लागते.

पडताळणी व भेट. संख्यात्मक माहितीची छाननी बाहेरच्या पडताळणी यंत्रणेकडून होते. ती नमुने मागते व आधार न मिळाल्यास आकडा कमी करते. दरम्यान विद्यार्थ्यांना २१ प्रश्नांची समाधान-पाहणी थेट ई-मेलने जाते. विद्यापीठांसाठी १० टक्के किंवा ५०० यांपैकी कमी असेल तितके प्रतिसाद न आल्यास त्या मापकाचे गुण जातात. प्रवेशावेळी सायबर कॅफेवाल्याने स्वतःचाच पत्ता भरलेला असणे हे अल्प प्रतिसादाचे एक कारण असते. यादी पाठवण्यापूर्वी पत्ते तपासून घ्यावेत. त्यानंतर येणारे तज्ज्ञांचे पथक गुणात्मक मापकांपुरतेच पाहते. श्रेणीविषयी अपिलाची सोय असून, श्रेणी सुधारण्यासाठी एक वर्षानंतर व तीन वर्षांच्या आत पुनर्मूल्यांकन मागता येई.

तुलनेसाठी, इंदूरचे देवी अहिल्या व ग्वाल्हेरचे जिवाजी ही विद्यापीठे (दोन्ही १९६४) संलग्नता देणारी असल्याने त्यांच्या अहवालात विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग आणि संलग्न महाविद्यालये यांची माहिती काटेकोरपणे वेगळी ठेवावी लागते. इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींनुसार नॅकने २०२४मध्ये श्रेणींऐवजी प्रत्यायित वा अप्रत्यायित असा द्विपर्यायी निर्णय आणि त्यापुढे पाच परिपक्वता-स्तर अशी योजना जाहीर केली.