रस्त्यांच्या देखभालीसाठी विक्री करातील वाटा : ऑरेंज काउंटीतील शहरांची पात्रता आणि कागदपत्रे

कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत करपात्र खरेदीवर वाहतुकीसाठी अर्धा टक्का जादा विक्री कर आकारला जातो. मतदारांनी ‘मेझर एम’ या नावाने तो १९९० मध्ये २० वर्षांसाठी मंजूर केला आणि २००६ मध्ये आणखी ३० वर्षांसाठी चालू ठेवला, त्यामुळे त्याची मुदत आता २०४१ पर्यंत आहे. वसुली राज्याचे कर खाते करते, तर वाटप ऑरेंज काउंटी ट्रान्सपोर्टेशन अथॉरिटी म्हणजेच ‘ऑक्टा’कडे आहे. ठरलेल्या वजावटी जाऊन उरणाऱ्या निव्वळ रकमेपैकी १८ टक्के वाटा ‘लोकल फेअर शेअर’ या नावाने ३४ शहरांना आणि काउंटी प्रशासनाला मिळतो. खड्डे बुजवणे, डांबराचा नवा थर देणे, सिग्नलची देखभाल अशा कामांवर तो खर्च करता येतो.

या निधीसाठी शहरांना एकमेकांशी स्पर्धा करावी लागत नाही. प्रत्येकाचा हिस्सा सूत्राने ठरतो : ५० टक्के भार लोकसंख्येला, २५ टक्के काउंटीच्या प्रमुख रस्त्यांच्या आराखड्यातील लांबीला आणि २५ टक्के करपात्र विक्रीला. साउथ कोस्ट प्लाझासारखे मोठे व्यापारी संकुल हद्दीत असलेल्या कोस्टा मेसाला या शेवटच्या निकषाचा लाभ होतो. व्हिला पार्कसारख्या छोट्या, मुख्यतः निवासी शहराला तो फारसा होत नाही. रक्कम दर दोन महिन्यांनी जमा होते, मात्र पात्रता दरवर्षी नव्याने सिद्ध करावी लागते.

पात्रतेच्या अटींपैकी सर्वात महत्त्वाची, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित, अट शहराच्या स्वतःच्या खर्चाविषयी आहे. विक्री कराचा पैसा आला म्हणून शहराने आपल्या सर्वसाधारण निधीतून रस्त्यांवर होणारा खर्च कमी करू नये, यासाठी प्रत्येक शहराला किमान खर्चाची पातळी ठरवून दिलेली आहे. ती दर तीन वर्षांनी राज्याच्या बांधकाम खर्च निर्देशांकानुसार सुधारली जाते, परंतु ही वाढ शहराच्या सर्वसाधारण महसुलाच्या वाढीहून अधिक असू शकत नाही. अर्थसंकल्पात तेवढी तरतूद असल्याचे प्रमाणपत्र वित्त अधिकाऱ्याच्या सहीने द्यावे लागते, आणि दाखवलेला खर्च खरोखर रस्त्यांसाठीच झाला का, हेही पुढे लेखापरीक्षणात तपासले जाते. इथेच शहरे अडचणीत येतात : कार्यालयीन खर्चाचा वाटा रस्त्यांच्या खात्यावर टाकला, पण त्याचा हिशेब समाधानकारक मांडता आला नाही, तर तो खर्च नामंजूर होतो. २०१९ मध्ये सांता आना आणि स्टँटन ही दोन शहरे याच अटीवरून अपात्र ठरली होती आणि त्यांचा निधी रोखण्यात आला होता.

उरलेली बहुतेक कागदपत्रे ३० जूनपर्यंत सादर करायची असतात. पात्रतेची तपासणी सूची आणि सात वर्षांचा भांडवली कामांचा कार्यक्रम दरवर्षी लागतो. रस्त्यांच्या पृष्ठभागाचे व्यवस्थापन दाखवणारा आराखडा दर दोन वर्षांनी द्यावा लागतो. त्यात प्रत्येक रस्त्याची स्थिती ० ते १०० या निर्देशांकावर मोजलेली असते. सिग्नल समन्वयाचा आराखडा तीन वर्षांनी अद्ययावत करायचा असतो, तर विकासकांकडून घेतल्या जाणाऱ्या वाहतूक शुल्काचा तपशीलही ठरलेल्या अंतराने द्यावा लागतो. खर्चाचा अहवाल मात्र आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, नगर परिषदेच्या ठरावासह सादर करावा लागतो.

कागदपत्रांची छाननी ऑक्टाचे कर्मचारी करतात. त्यातील ठरावीक बाबी ११ सदस्यांच्या करदाता देखरेख समितीपुढे जातात आणि अंतिम निर्णय संचालक मंडळ घेते.

मिळालेला निधी तीन वर्षांत खर्च करावा लागतो. कारण पटल्यास ही मुदत पाच वर्षांपर्यंत वाढवून मिळते. या निधीवर मिळालेले व्याजही त्याच कामांसाठी वापरावे लागते. वाहतुकीखेरीज अन्य कारणासाठी पैसा वापरल्याचे आढळल्यास संपूर्ण रक्कम परत करावी लागते आणि ते शहर पाच वर्षांसाठी अपात्र ठरते.